झीज कुणाची, हमी कुणाची?

मे महिन्याच्या सुट्टीत शाळेचे आवार ओस पडलेले असते. मुख्याध्यापकाला मात्र सुट्टी नसते. नव्या वर्षाचे प्रवेश, जुन्या वर्षाचे दाखले आणि छपराची गळती या तीन गोष्टी त्याला खुर्चीला बांधून ठेवतात. गेल्या वर्षी अशाच एका दुपारी शाळेच्या फाटकाशी एक लाल, बुटकी, दोन दारांची मोटार आली. फाटकासमोरच्या गतिरोधकावर तिचे पोट खरवडले आणि तो आवाज ऐकून आमचा शिपाई धावत बाहेर गेला. मोटारीतून उतरला तो माझाच एक माजी विद्यार्थी. वीस वर्षांपूर्वी तिसऱ्या बाकावर बसणारा, आता बेंगळुरूला संगणकाच्या कंपनीत बऱ्यापैकी हुद्द्यावर असलेला. त्याने वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, चला, एक चक्कर मारून आणतो."

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने त्या आसनात बसणे म्हणजे अर्धे शवासनच. तरीही बसलो. निपाणी सोडून महामार्गाने तवंदी घाट चढलो. ज्या घाटात एके काळी उसाचे ट्रक बैलासारखे धापा टाकत, तिथे ही मोटार कोकरासारखी उड्या मारीत गेली. परतताना मात्र मागच्या एका चाकातली हवा उतरू लागली. या मोटारींना स्टेपनी नसते, हे मला त्या दिवशी कळले. रस्त्याकडेला पंक्चर आणि रिमोल्डचे काम करणारे एक चाचा आहेत, त्यांच्यापर्यंत आम्ही कशीबशी गाडी नेली. चाचांनी जॅक लावला, चाकाच्या आतल्या बाजूला हात घातला आणि झटकन मागे घेतला. बोटाला तार टोचली होती.

"सर, हे बघा," ते म्हणाले. बाहेरून पाहिले तर टायरची नक्षी ठसठशीत होती. आतल्या कडेला मात्र रबर नावाला उरले नव्हते. खालच्या पोलादी तारा उघड्या पडल्या होत्या. दुसऱ्या बाजूचे मागचे चाकही तसेच. "गाडी किती चालली?" चाचांनी विचारले. "साडेअकरा हजार किलोमीटर." चाचा काही बोलले नाहीत. फक्त दुकानासमोर उभ्या असलेल्या उसाच्या डनलॉप गाडीकडे त्यांनी एकदा पाहिले. ट्रकवरून उतरलेले टायर त्या बैलगाडीला बसवून सात-आठ गळीत हंगाम तरी झाले असतील.

मग त्या मुलाने आपली कहाणी सांगितली. टायर असे झिजल्याचे त्याला आधीच एकदा दाखवण्यात आले होते आणि दोन महिने त्याचा पत्रव्यवहार चालला होता. मोटार विकणाऱ्यांनी सांगितले, "टायर ही झिजणारी वस्तू आहे, ती आमच्या वॉरंटीत बसत नाही. टायर करणाऱ्यांकडे जा." टायर करणाऱ्यांचा माणूस आला, त्याने बोट फिरवले आणि लिहून दिले की रबरात दोष नाही, चाकांचा कोन तपासून घ्यावा. पुन्हा मोटारवाल्यांकडे गेल्यावर उत्तर मिळाले की कोन मर्यादेत आहे, रस्ते खराब आहेत आणि आपण गाडी वेगाने चालवत असाल. एका टायरची किंमत छत्तीस हजार रुपये. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षाचा सारा पगार एका चाकावर फिरतो आहे, हे ऐकून मी गप्प झालो.

येथे एखादा वाचक म्हणेल, "मास्तर, लाखोंची शौकीन मोटार घेणाऱ्याचे दुःख ते काय! आमच्याकडे एस.टी. वेळेवर येत नाही." मीही त्या दिवशी मनातल्या मनात असेच म्हणालो होतो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ती तीन उत्तरे डोक्यात फिरू लागली. एखादी गोष्ट वेळेआधी झिजली, तर जाब कुणी द्यायचा? ज्याने घडवली त्याने, ज्याने वापरली त्याने, की ज्या रस्त्यावरून ती गेली त्या रस्त्याने? हा प्रश्न मोटारीपुरता नाही, हे मला तेव्हाच जाणवले. का जाणवले, ते पुढे सांगतो.

आधी झिजेविषयी थोडे. झीज हा दोष नव्हे. रबर रस्त्याला घासते म्हणूनच गाडी रस्ता धरते, आणि जो टायर झिजणारच नाही तो पकडणारही नाही. शर्यतीच्या वळणाच्या मोटारींचे टायर मुद्दाम मऊ रबराचे करतात. ते जास्त पकडतात आणि म्हणून लवकर संपतात. नव्या टायरच्या खाचा साधारण आठ मिलिमीटर खोल असतात, आणि आपल्याकडील नियमाप्रमाणे मोटारीच्या टायरवर त्या १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरता कामा नयेत. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे ठेवलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर बदलायचा. म्हणजे टायर घडवणाऱ्यानेच त्याच्या अंगात त्याच्या मरणाची खूण कोरून ठेवलेली असते. यात अप्रामाणिक काही नाही. उलट, इतका प्रामाणिकपणा आपल्या फारशा वस्तूंत सापडत नाही.

पण झिजेझिजेत फरक असतो. असल्या मोटारीची चाके वरच्या अंगाला किंचित आत कललेली ठेवतात. हेतू असा की वेगाने वळण घेताना टायर रस्त्यावर सपाट बसावा. सरळ रस्त्यावर त्याचा भार आतल्या कडेवर येतो. त्यात आणखी एक कोन असतो. वरून पाहिले असता चाके गाडीच्या चालीला समांतर हवीत. एखादे चाक केवळ अर्ध्या अंशाने वाकडे असले, तर किलोमीटरमागे सुमारे पावणेनऊ मीटर ते आडवे घसटत जाते. गणिताचा मास्तर नसलो तरी हे गणित मी वहीत करून पाहिले. दहा हजार किलोमीटरमागे ही आडवी फरफट सत्त्याऐंशी किलोमीटर भरते. बेळगावहून निघून निपाणी ओलांडून जावे इतका प्रवास ते चाक आडवे पडून करते आणि आत बसलेल्याला त्याचा पत्ताही नसतो.

असे जगात पूर्वीही घडलेले आहे. १९९० साली होंडा कंपनीने एन.एस.एक्स. नावाची एक नामांकित मोटार काढली. आयर्टन सेना याच्यासारख्या शर्यतपटूने तिच्या चाचणीत भाग घेतला होता. गाडी वेगात स्थिर राहावी म्हणून तिची मागची चाके पुढच्या अंगाने आत वळवलेली होती. गाडी उत्तम चाले, पण काही हजार मैलांतच मागचे टायर संपतात, अशी अमेरिकेतल्या मालकांची तक्रार सुरू झाली. पुढे कंपनीने तो कोन बदलला. २००३ सालच्या निस्सान ३५०झेड या मोटारीच्या पुढच्या टायरांबद्दलही अशीच ओरड झाली आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले.

एन.एस.एक्स.ची गोष्ट मला फार बोलकी वाटते. तिथे रबरात खोट नव्हती आणि चालकाचाही दोष नव्हता. घडवणाऱ्याने एक निवड केली होती: आयुष्यापेक्षा पकड महत्त्वाची. ती निवड चुकीची होती असेही मी म्हणणार नाही. प्रश्न एवढाच की निवड एकाने केली आणि तिचे बिल दुसऱ्याच्या हाती गेले. आणि त्या दुसऱ्याला निवड झाल्याचे कुणी सांगितले नव्हते. माझ्या मते नैतिक दोषाची जागा नेमकी येथे आहे.

आता हमीकडे वळू. हमीला अटी असतात म्हणून आपण चिडतो. पण बिनशर्त हमी कशी असते, हे आपल्या घराघरात माहीत आहे. दशरथाने कैकेयीला दोन वर दिले. मुदत घातली नाही, मर्यादा घातली नाही, केव्हा मागावेत हेही ठरवले नाही. कित्येक वर्षांनी तिने ते मागितले तेव्हा राज्य गेले, पुत्र गेला आणि राजाचा प्राणही गेला. अट घालणे हा म्हणूनच अधर्म नव्हे. पेलेल तेवढेच देणे हा शहाणपणा आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ च्या आपल्या ग्रंथात खोट्या वचनाचे उदाहरण घेतले. पाळायचे नाही हे ठाऊक असूनही वचन देणे हाच नियम सर्वांनी केला, तर वचन नावाची वस्तूच जगात उरणार नाही, असा त्याचा युक्तिवाद. कांटला छापील हमीपत्र दाखवले असते तर तो गोंधळात पडला असता, असे मला वाटते. कारण तिथे खोटे असे काहीच नसते. प्रत्येक वाक्य खरे असते. फक्त मोठ्या अक्षरांत जे दिलेले असते, ते बारीक अक्षरांत परत घेतलेले असते. आणि ते घेतल्याचे आपल्याला कळते दावा करायला गेल्यावर.

शिवाय दावा खरा की खोटा, हे ठरवतो कोण? ज्याला पैसे द्यायचे आहेत तोच. आमच्या निपाणी भागाला हे दुखणे नवे नाही. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूचे शेतकरी याच महामार्गावर बसले होते आणि त्यांच्यातल्या काहींनी गोळीबारात प्राण गमावले, तेव्हाही गाऱ्हाण्याचा गाभा हाच होता की मालाची प्रत ठरवणारा आणि त्याचा दाम मोजणारा एकच आहे. देणेकऱ्यालाच न्यायाधीश केले की तो अन्याय करीलच असे नाही. पण त्याने केलेला न्यायही कुणाला न्याय वाटत नाही.

कायद्याने यावर काही केलेच नाही असे नाही. पूर्वी 'घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत' एवढेच तत्त्व होते. १९३० च्या माल विक्री कायद्याने त्याला अपवाद घातले. आपल्याला वस्तू कशासाठी हवी आहे हे घेणाऱ्याने सांगितले असेल आणि विकणाऱ्याच्या जाणकारीवर तो विसंबला असेल, तर ती वस्तू त्या कामाला योग्य असली पाहिजे, ही अट न लिहिताही लागू होते. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला आणि जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात सदोष मालाची जबाबदारी व अन्याय्य करार यांना जागा मिळाली. पण कायद्याच्या दारी जायला वेळ, वकील आणि चिकाटी लागते. माझ्या विद्यार्थ्याने बेळगावला एका तिऱ्हाईत गॅरेजात चाके मोजून घेतली. मागच्या दोन्ही चाकांचा कोन चुकलेला निघाला. तो कागद पाठवल्यावर टायरची निम्मी किंमत परत मिळाली, पण 'सद्भावना म्हणून', चूक मान्य न करता, आणि पुढे काही मागणार नाही असे लिहून घेऊन. "सर, मी हक्क मागितला होता," तो फोनवर म्हणाला, "त्यांनी दान दिलं." छत्तीस हजारांपेक्षा त्याला ते अधिक लागले होते.

पूर्वी असे नव्हते, हे वाक्य आमच्या वयाच्या माणसाच्या ओठावर लगेच येते. माझ्या लहानपणी गावातला चांभार वडिलांना कोल्हापुरी पायताण करून देई. हमीचा कागद नसे. तळ झिजला, अंगठा तुटला की घेऊन जायचे आणि तो शिवून द्यायचा. आज त्या पायताणाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. २०१९ साली ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या बेळगावसह चार जिल्ह्यांना मिळून देण्यात आले. सीमेच्या दोन्ही बाजूंनी एकत्र मिळवलेली ती एक विरळी गोष्ट! पण त्या जुन्या व्यवहाराला सोन्याचा मुलामा देताना माझा हात अडखळतो. तो चांभार वर्षभर दुरुस्ती करायचा ते बलुत्यावर, आणि सुगीला त्याच्या पदरात किती धान्य पडेल हे ठरवणारे आमचेच लोक होते. वस्तूला हमी होती; ती करणाऱ्याच्या पाठीला आणि बोटांना कोणतीच हमी नव्हती. झीज तिथेही होती, ती फक्त एकाच बाजूला जमा होत होती.

आणि झिजणाऱ्याचे तोंड बंद करायला आपल्या भाषेत एक सुंदर उपमा आहे: चंदन. शिक्षकाच्या निरोप समारंभात, आईच्या मृत्युलेखात, कार्यकर्त्याच्या सत्कारात आपण ती हटकून वापरतो. चंदन झिजते तेव्हा सुगंध येतो, हे खरे. पण टायर आडवा घसटतो तेव्हा सुगंध येत नाही, करपल्याचा वास येतो. आमच्या शाळेतल्या कितीतरी मुलांच्या आया बिड्या वळतात. चाळिशीत त्यांची पाठ वाकते, छाती भरून येते. त्यांना 'चंदन' म्हटले की चाक कुणी वाकडे बसवले हे विचारायची गरज उरत नाही.

अशाच एका आईची गोष्ट सांगतो, म्हणजे हा लेख मी का लिहायला घेतला ते कळेल.

तो मोटारवाला मुलगा येऊन गेला त्याच महिन्यात दहावीचा निकाल लागला होता. एक बाई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. तिचा मुलगा तीन विषयांत नापास झाला होता. ती रडली नाही, भांडलीही नाही. म्हणाली, "सर, आठवीत नाव घालताना तुमी म्हणालासा, पोरगं माझ्यावर सोडा. मी सोडलं. आता काय करू ते तुमीच सांगा."

मी तिला उत्तरे दिली. पोराचा पाया कच्चा होता, हजेरी कमी होती, तंबाखूच्या दिवसांत तो शाळेला येतच नव्हता, घरी अभ्यास घ्यायला कुणी नव्हते. प्रत्येक वाक्य खरे होते. ती मान हलवत होती. आणि बोलता बोलता मला माझाच आवाज ओळखीचा वाटू लागला. माल कच्चा होता, रस्ता खराब होता, आपण नीट चालवली नाहीत. तीच तीन उत्तरे, त्याच क्रमाने!

खरे सांगायचे तर मुलगा आठवीत आला तेव्हाच त्याला अपूर्णांकांची बेरीज येत नव्हती. तेव्हाच्या नियमाने तो वर ढकलत आला होता. हे मला पहिल्याच आठवड्यात कळले होते. तरीही मी 'माझ्यावर सोडा' म्हणालो, कारण मला पट टिकवायचा होता. या भागात मराठी माध्यमाची शाळा चालवणाऱ्याला पट म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको. एक तुकडी कमी झाली की एक शिक्षक कमी होतो, आणि एकदा गेलेली तुकडी परत येत नाही. माझा हेतू वाईट नव्हता. भाषेची शाळा टिकावी ही माझी निवड होती आणि ती निवड आजही मला योग्यच वाटते. पण तिचे बिल एका बिडी वळणाऱ्या बाईच्या हाती गेले होते, आणि निवड झाल्याचे तिला कुणी सांगितले नव्हते.

आम्ही सीमेवरची माणसे अपुऱ्या वचनांबद्दल बोलण्यात तरबेज आहोत. १९५६ पासून आमचे आयुष्य आश्वासनांच्या हिशेबात गेले. घटनेचे ३५० अ कलम त्याच वर्षीच्या सातव्या दुरुस्तीने आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, म्हणून पुरेशा सोयी करण्याचा राज्य 'प्रयत्न' करील, असे त्यात म्हटले आहे. त्या 'प्रयत्न' शब्दावर मी सभांमधून किती वेळा तोंडसुख घेतले असेल! बारीक अक्षर म्हणजे हाच शब्द, असे मी टाळ्या घेत सांगत असे. त्या बाईसमोर मात्र, मी प्रयत्न केला, एवढेही मला धडपणे म्हणता येईना.

त्या जूनपासून मी संध्याकाळी सात ते साडेआठ शाळेत दिवा लावून बसू लागलो. तो मुलगा आणि त्याच्यासारखे आणखी चार जण येत. अपूर्णांकांपासून सुरुवात केली. पुढच्या परीक्षेत त्याचे दोन विषय सुटले, गणित राहिले. तो आता दिवसा एका गॅरेजात काम करतो आणि संध्याकाळी अजून येतो. सुटेल का? मला ठाऊक नाही, आणि आता मी तसे सांगतही नाही. हीसुद्धा सद्भावनाच झाली, हक्क नव्हे, हे मला कळते. म्हणून दुसरे एक काम केले.

यंदाच्या प्रवेशाच्या वेळी मी एक कागद तयार केला. त्यात तीनच वाक्ये ठेवली. शाळा काय करील, शाळेला काय जमणार नाही आणि घरच्यांनी काय करावे लागेल. अक्षर मुद्दाम मोठे ठेवले. त्याआधी प्रत्येक मुलाची लहानशी चाचणी घ्यायची, आणि तो आज कुठे उभा आहे ते पालकाला त्याच्यासमोरच सांगायचे ठरवले. चाकाचा कोन गाडी विकण्याआधी मोजावा, टायर गेल्यावर नव्हे, एवढे तरी मी त्या लाल मोटारीपासून शिकलो. काही पालक कागद पाहून दुसऱ्या शाळेत गेले. पट सातने कमी झाला. त्याची धास्ती मला आहे आणि शिक्षकांचा रागही मी सोसतो आहे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एक बाई मुलीला घेऊन आली. तिच्या बोटांना तंबाखूचा वास होता. मी कागद पुढे केला. तिने तो हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि म्हणाली, "काय लिवलंय, ते वाचून दावा." माझे मोठे अक्षर तिच्या काहीच कामाचे नव्हते. मी तिन्ही वाक्ये वाचून दाखवली. तिने नीट ऐकले आणि विचारले, "आन् एवढं करूनबी न्हाई जमलं, तर मग काय?"

याचे उत्तर माझ्या कागदावर नव्हते. एवढा विचार करून मी तयार केलेल्या हमीपत्रात नेमकी तीच ओळ राहिली होती. मी पेन काढले आणि खाली हाताने लिहिले, "न जमल्यास मुख्याध्यापक स्वतः घरी येऊन सांगेल आणि पुढे काय करायचे ते घरच्यांबरोबर बसून ठरवील." तेही तिला वाचून दाखवले. तिने मान हलवली आणि अंगठा उठवला. मी सही केली.